पत्ता

शाळेत व्यवसाय-दिन होता.
डावीकडे नर्स. तिच्या स्टेथोस्कोपपुढे मुलांची रांग,
प्रत्येकाला स्वतःचं काळीज ऐकायचं होतं.
उजवीकडे आगीच्या बंबावरचा माणूस,
त्याचं हेल्मेट एकेका डोक्यावरून कानांपर्यंत घसरत होतं.
माझ्या टेबलावर शिसपेन्सिल, खोडरबर, पेट्रोलच्या पावत्या
आणि मतदारनोंदणीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा.

बिल्ला मिळतो का? एकाने विचारलं.
नाही.
गाडी?
माझीच. मैलामागे काही सेंट देतात.
पगार?
निवडणुकीबरोबर येतो, निवडणुकीबरोबर जातो.
नोव्हेंबर सरला की मी भावाच्या टायरच्या दुकानात बसते.
तो नर्सच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दोघी मुली उरल्या. त्यांना रॉस्को बिट्सिली सांगितला.

चाळीस वर्षं रेल्वेचे रूळ बसवले त्याने,
कॅन्सस, नेब्रास्का, पार शिकागोच्या वेशीपर्यंत.
आता ॲरिझोनात, आपल्या घरी.
घराला नंबर नाही.
रस्त्याला नाव नाही, कारण तो रस्ताच नाही,
पिकअपच्या चाकांनी मातीला लावलेली सवय आहे.
अर्ज परत आला : पत्ता अपूर्ण.
एका शिक्क्यात माणसाचा पत्ता कापला.

अर्जाच्या तळाशी एक चौकोन असतो, काडेपेटीएवढा.
ज्यांना पत्ता नाही त्यांनी तिथे नकाशा काढायचा.
काडेपेटीत वाळवंट बसवणं, हे माझं काम.

तो नवाहोत सांगत गेला, मी रेघा ओढत गेले.
पांढरा टायर टांगलाय तिथे डांबरी सोड.
मोडकी पवनचक्की उजव्या हाताला ठेव.
मग माझ्या भावाचं घर.
ते मला दिसलं नाही येताना.
जळलं. खूप वर्षं झाली. पण वळायचं तिथेच.
मग कोरडा ओढा, निळी टाकी, मग कुत्रं.
कुत्रं कशाला?
ते भुंकलं म्हणजे तू पोचलीस.

काउंटीच्या खिडकीतल्या बाईने
(वाईट नव्हती, सर्दी झाली होती तिला)
नकाशा उलटा धरला, मग सुलटा.
जळलेली घरं चालत नाहीत, म्हणाली. कुत्रीही नाहीत.
मी दोन्ही खोडली
आणि रबराचा चुरा तिच्या काचेवरून फुंकून टाकला.

कार्ड आलं, बेचाळीस मैलांवरच्या पोस्टाच्या पेटीत.
नाव बरोबर, मतदान केंद्र भलतंच.
मागल्या वर्षीच्या लोंढ्यात ओढ्याने पात्र बदललं होतं,
आता तो घराच्या मागून वाहतो, वाहतो तेव्हा.
त्यांच्या कॉम्प्युटरवर रॉस्को पलीकडच्या काठाला गेला.
दात नसलेल्या बाजूने तो हसला.
हललं ते पाणी. मी इथेच आहे.

मी नवा अर्ज काढला.
मग आणखी एक. तो का, ते आता आठवत नाही.

मतदानाच्या दिवशी त्याने रेल्वेचा जुना पट्टा बांधला होता.
केंद्रावरच्या पोराचं बोट यादीवरून उतरत गेलं
आणि मला आईची आठवण झाली,
ती असल्याच एका खिडकीतून परत फिरली होती,
गाडीत काही बोलली नव्हती.
बोट थांबलं.

आत त्याने फार वेळ लावला.
बाहेर आला, टोपी घातली, म्हणाला :
तिथला गोल तर मसुराएवढा आहे गं.
पण मावलो मी.

एवढंच? मोठी मुलगी म्हणाली
आणि हेल्मेट बघायला गेली.
धाकटी तिथेच.
तिने न विचारता गठ्ठ्यातला एक अर्ज ओढला,
चौकोन सोडून मागच्या कोऱ्या बाजूला घर काढायला घेतलं.
तिचं वय नऊ. मी मनात बेरीज केली.

आमच्याकडे कुत्री आहेत, ती मान वर न करता म्हणाली.
किती?
तीन. एक लंगडतं.
काढ, म्हटलं. लंगडणारंही काढ.
खोडरबर मी खिशात टाकलं.