आठ तासांचा नमुना

डिचोलीची खाण चालू होती तेव्हा
मी मालाचा दर्जा काढायची.
तांबडी पूड, आम्ल, काचेची नळी, थेंबाथेंबाचा हिशोब.
जांभळा रंग उमटला की थांबायचं,
एक थेंब जास्त झाला की सगळं वाया.
अठ्ठावन्न टक्के म्हटलं की बार्ज हलायची,
छप्पन्न म्हटलं की सायबाचा फोन.
बावीस वर्षांत एवढंच शिकले :
यंत्र खोटं बोलत नाही,
नमुना बोलतो.

आता गालमोचा नमुना.
गालमो म्हणजे आमचा बोका, नाव सुक्या जवळ्यावरून.
सापडला तेव्हा केवढासा होता, आणि वासही तोच.
हल्ली बालदीत तोंड घालून पीत बसतो,
पोट घागरीसारखं, पाय काटक्या,
दोन वेळा इन्सुलिन टोचूनही साखर हटत नाही.
परवा मानेला धरून उचलला
तर कातडी फाटली ओल्या पापडासारखी.
तो ओरडला नाही. मीच ओरडले.

डॉक्टर इवोननी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली,
त्यांच्या उशाशी दोन ठिपके.
"ह्या अधिवृक्क ग्रंथी. आळसांद्याच्या दाण्याएवढ्या."
त्यातला एक दाणा सुजला असेल,
किंवा डोक्यातून कुणी सारखे हुकूम सोडत असेल.
भय आलं की जो रस सुटायचा
तो भयाशिवायच सुटत असेल, रात्रंदिवस.
"पण चवथ होऊन जाऊ दे.
फटाक्यांत तपासलं
तर आजाराचा आकडा कुठला नि भ्याल्याचा कुठला,
कोण सांगणार?"

दीड दिवसांचे गेले, पाच दिवसांचे गेले,
कारापूरकरांचा नवव्या दिवशी, दणक्यात.
गालमो तांदळाच्या डब्यामागे.
आणखी तीन शांत दिवस मी बोटांवर मोजले.

पहिला नमुना मुताचा, घरीच घ्यायचा.
वाळूऐवजी माशांच्या काचपेटीतली खडी,
सात पाण्यांनी धुतलेली.
पहाटे दाराआड मी, हातात सिरिंज,
पन्नाशी उलटलेली बाई
श्वास रोखून मांजर मुतायची वाट बघतेय.
कारापूरकरीण म्हणाली,
खाण बंद पडली तरी शालनची ड्यूटी काही सुटली नाही.

आकडा वर आला.
वर आला म्हणजे संशय वाढला, एवढंच.

म्हणून म्हापशाला, शुक्रवारी, अख्खा दिवस.
साडेआठला पहिलं रक्त.
लगेच एक सुई, तिच्यात खोटा निरोप :
पुरे झालं, भरपूर आहे, आता थांबा.
निरोगी ग्रंथी भोळी. ऐकते, गप्प होते.
रोगट असेल तर तिला ऐकूच येत नाही.
साडेबाराला दुसरं रक्त, साडेचारला तिसरं.

मधले तास बाकावर.
बाहेर बाजार, खिडकीतून चोरिसांचा वास,
पिंजऱ्यात गालमो, डोळे काळेकुट्ट.
मलाही असाच निरोप आला होता, कंपनीच्या कागदावर.
पुरे झालं, आता थांबा.
अजून पाचला जाग येते,
अजून चहात साखर टाकताना दाणे मोजल्यासारखा हात थबकतो.
माझं रक्त कुणी घेतलं नाही.

नळ्या बर्फात ठेवल्या. रात्रीच्या विमानाने जाणार होत्या.
तन्वेश फॉर्म भरत होता :
नमुना घेताना प्राणी शांत होता? होय. नाही.
तो 'होय'वर खूण करणार
तेवढ्यात मी पेन मागून घेतलं.
खाली शेऱ्याचा रकाना होता,
आमच्याही तक्त्यात असायचा, कोणी भरत नसे.
मी लिहिलं :
पहिल्या नळीला भ्यालेला.
दुसरीला दमलेला.
तिसरीला माझं बोट चावला
आणि ते तसंच तोंडात धरून झोपला.
हे धरून आकडा वाचावा.