विकल्प क्रमांक एक

जून सरताना माझ्या दुकानात पंखा पुरत नाही.
कळंबा रोड, आयटीआयच्या फाटकासमोर दहा बाय बारा,
दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, फोटो कापायची कात्री,
आणि बाकावर दाटीवाटीनं सतरा वर्षांची माणसं.
दाखला प्लास्टिकमध्ये, आधार कार्ड आईच्या पर्समध्ये,
आणि पुढचं आयुष्य?
"ताई, तुमीच टाका की काय ते."

मी टाकते.
शिरोलीत मामा असेल त्याला मोल्डर,
मामा नसेल त्याला इलेक्ट्रिशियन,
वीज काय, सगळीकडं लागते.
एकजण म्हणाला, मित्रानं टाकलंय तेच.
मित्र बाहेर वडा खात होता.
त्याला विचारलं तर म्हणाला, ह्यालाच विचारा की.

फॉर्मचे पन्नास. चूक दुरुस्तीचे वीस.
कुठली चूक, ते मी विचारत नाही.

माझ्या वेळी फॉर्म कागदाचा होता.
रात्री मी पेन्सिलीनं लिहिलं होतं : सर्व्हेअर.
रंकाळ्याची खोली पहिल्यांदा कुणी मोजली असेल,
दोरी कुठनं सोडली असेल,
हे मला सहावीपासून पडलेलं कोडं.
सकाळी दादानं खोडरबर फिरवला
आणि निळ्या शाईनं लिहिलं : शिवणकाम.
रागावला नव्हता.
खोडल्यावरची भुकटीसुद्धा नीट फुंकून टाकली.

गुरुवारी वडणग्याहून यास्मिन शिकलगार आली.
बाप दारातच थांबला, सायकलला धरून.
मागच्या कॅरेजवर धार लावायचं चाक.
"ड्रेस मेकिंग टाका," तो बाहेरूनच म्हणाला,
"मशीन घरात हाय."
पोरगी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली,
"टूल अँड डाय मेकर. पहिला नंबर."
"अगं, लोखंडाचं काम ते."
"मी बघून आलोय, अब्बा. शेडमध्ये.
मायक्रॉनमध्ये मोजत्यात.
तुमी अंगठ्यानं बघता न्हवं, तसंच,
फक्त तिथं आकडा असतोय."

तो काही बोलला नाही.
बाकावरची पोरं मोबाइलमधून वर बघायला लागली.
मागं कुणीतरी हळूच हसलं.

मी फॉर्म भरला. नाव, गाव, टक्के, जात,
बापाचा व्यवसाय : इथं ती थांबली.
मजुरी लिहू का, मी विचारलं, सगळे तेच लिहितात.
"नको. धार लावणे, लिवा."
यादीत तो शब्द नव्हता.
"इतर" वर टिचकी मारली
आणि रिकाम्या चौकटीत तिनं स्वतः टाइप केलं,
एका बोटानं, काना मात्रा शोधत.

शेवटी ते बटण आलं : निवड निश्चित करा.
यानंतर बदल करता येणार नाही.
इतक्या वर्षांत हे बटण मीच दाबत आलेय,
हजारेक वेळा तरी, चहा पिता पिता.
माउस तिच्याकडं सरकवला.
तिनं दाराकडं बघितलं.

बाप आत आला होता.
स्क्रीनकडं न बघता त्यानं टेबलावरची कात्री उचलली,
अंगठा फिरवला, मान हलवली,
"काय ही दशा, ताई," म्हणाला,
आणि कात्री घेऊन बाहेर गेला.

चाकाचा आवाज सुरू झाला.
त्या आवाजात क्लिक ऐकू आलं नाही मला,
पावती छापून बाहेर येताना दिसली तेवढी.

पैसे देताना त्यानं पन्नासची नोट काढली,
मी म्हटलं, कात्रीचे किती?
"त्याचं कशाला." 
मग जरा थांबून, "पहिला नंबर लागतोय का हो?"
मला काय माहीत.
यादी वीस तारखेला लागेल, म्हटलं. बघू.

ते गेल्यावर पुढच्या पोराचा फोटो कापायला घेतला.
कडा इतकी सरळ गेली की हात दचकला.
"तुला काय टाकू?" तोंडात आलं होतं.
ते गिळून विचारलं,
"तुला काय बघून आलायस?"
तो गोंधळला. बाकाकडं वळून बघितलं.
थांब, म्हटलं, बस जरा.
घाई नाही.