पाचचं रक्त

ओतिया ग्वेलेसियानी, खाट सात,
रात्रभर डोळे मिटून पडलेला असतो.
मी टॉर्च घेऊन येते, तो श्वास लांबवतो,
आणि मी तक्त्यात लिहिते: झोप ठीक.
तीन आठवडे आम्ही असे एकमेकांना फसवत होतो.

दुखणं एक ते दहात मोजायचं, हे इथे सगळ्यांना पाठ.
आज चार. उलटी नाही. ताप नाही.
झोपेचा रकाना बोटाएवढा,
त्यात मावेल तेवढंच आम्ही विचारतो.

काल त्यानेच विचारलं, लमारा, किती वाजले?
सव्वातीन.
मग पीठ वर आलं असेल, म्हणाला.

एकेचाळीस वर्षं त्बिलिसीच्या एका तळघरात
भट्टीच्या तोंडातून कंबरेपर्यंत आत वाकून
भिंतीला शोतीच्या रोट्या थापल्या त्याने.
शहर झोपायचं तेव्हा हा घामाघूम,
शहर दात घासायचं तेव्हा हा गाढ.
म्हणजे झोप उडालेली नाही तुमची, मी म्हटलं,
ती पाळी बदलायला तयार नाही, एवढंच.

त्याला हसू आलं, मग खोकला,
मग बऱ्याच वेळाने: तसं नाही गं पोरी.
डोळा लागला की कुणीतरी वरून झाकण सरकवतं.
म्हणून मी आधीच उठून बसतो.
मनातल्या मनात.

शेजारचा भूगोलाचा मास्तर,
ज्यालाही आम्ही झोपलेला समजत होतो,
अंधारातून म्हणाला, माझ्याकडे झाकण नाही.
जिना आहे. पायरी चुकते.

मी दिवा लावला नाही. खुर्ची ओढली.
ओतियाने माझा तळहात अंगठ्याने दाबला,
खळगा भरून येतो का पाहिलं.
त्याच्या सुजलेल्या पायावर मी रोज हेच करते,
तिथे खळगा तसाच राहतो.
माझा भरला.
तयार आहे, म्हणाला, आणि हात सोडला नाही.

साडेचारला घोरणं सुरू झालं,
वेडंवाकडं, मध्येच अडणारं.
खोटा श्वास किती सरळ रेघेत चालायचा!

पाचला रक्ताची ढकलगाडी निघते.
चाकाला तेल नाही, मार्चपासून सांगतेय.
मी दारात आडवी उभी राहिले.
सात नंबर? गुलिको म्हणाली.
त्याचं रक्त कुठे पळून जात नाही. नऊला घे.
डॉक्टर ओरडतील.
ओरडू देत.

मग तक्त्यातलं 'ठीक' खोडलं.
रकान्यात जागा पुरेना, समासात उभं लिहिलं:
पन्नास मिनिटं, खरी.

मास्तरच्या तक्त्यात काय लिहावं कळेना.
त्याचे ओठ हलत होते,
तो अजून पायऱ्या मोजत होता.