मोटार कितीची?

मिशन हॉस्पिटलच्या भंगार लिलावात मिळाला.
एक्स-रेचा भाग समजून कुणी बोली लावली नाही,
साडेसतराशेत माझा.
बावीस किलो, मांडीवर घेऊन मिरजभर रिक्षा.
'तान्हं पोर धरल्यागत धरलाय की ओ,'
रिक्षावाला म्हणाला, आणि खड्डे चुकवू लागला.

चालू केला की लगेच बोलत नाही.
अर्धा मिनिट नुसता बसतो. मग पाची काचांत
राखेखालच्या निखाऱ्याचा रंग चढतो,
जुनी धूळ तापल्याचा वास येतो
आणि आई आतून ओरडते,
'इस्त्री चालू राहिली का रे?'

शनिवारी वरात, रविवारी उपासना.
वरातीला गेन आठ, बास अडीच, मिड सगळा.
रविवारी गेन दोनच्या जरा अलीकडे,
जिथं मार्थानं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय,
म्हणजे पाळकसाहेब डोळे मिटून असताना
हा मध्येच खाकरत नाही.
उरलेल्या रात्री
ठिपका आणि आठ यांच्यामध्ये
मी माझं काहीतरी शोधतो.

दस्तगीरचाचांच्या दुकानाची पाटी रेडिओची,
आत मिक्सर आणि पंखे.
'एक हात खिशात घाल,' हे पहिलं वाक्य.
'बटण बंद केलं म्हणून मेला असं नसतंय.
साडेतीनशे व्होल्ट आत दबा धरून बसल्यात.'
शिसपेन्सिलीनं एकेका वॉल्व्हला टिचकी मारत गेले.
तिसरा ठणकन वाजला.
'ह्याला कान आल्यात. वॉल्व्हला कान नसावेत. बदल.'

शेजारून इलाहीभाई डोकावले,
तंबोऱ्याची भुकटी भुवयांवर,
दोरा कानामागं खोचलेला.
दोन सूर ऐकले. 'जवारी बंद आहे याची,'
एवढं बोलून परत गेले.

त्या चार शब्दांवर आमचे दोन महिने गेले.
एक कपॅसिटर काढला, एक बदलला,
आउटपुटकडून मागं येऊन
पहिल्या वॉल्व्हला दटावणारी
ती वायर सोडवली.
खुलला. थोडा जास्तच खुलला.
परत अर्धी जोडली.

मग शुक्रवारी चाचांनी एकट्यानं काहीतरी केलं
आणि शनिवारी आरगची वरात.
दहाच्या सुमारास हॅलोजन पिवळे पडले,
नवरदेवाचा मामा मोटारींना शिव्या घालू लागला,
आणि मी जी तार ओढली
ती आधी जराशी दबली,
मग श्वास घेऊन वर आली,
कडेनं किंचित फाटलेली,
पिकल्या सीताफळासारखी.
घोडीसुद्धा थांबली. निदान मला तसं वाटलं.

'काय केलंत?' चाचांना विचारलं.
त्यांनी चहा मागवला.

तीन वर्षं. बायस खाली, बायस वर.
स्पीकर बदलला. रशियन वॉल्व्ह, चिनी वॉल्व्ह,
चोरबाजारातले पुसट अक्षरांचे जुने वॉल्व्ह.
मार्था म्हणाली, एवढ्यात फ्रीज झाला असता.
सूर चांगले निघाले, एकेक.
तो नाही निघाला.

गेल्या पावसाळ्यात दुकान बंद झालं,
चाचांचा हात आता डाग धरत नाही.
मी पहिल्यांदा एकट्यानं चॅसी उघडली,
डावा हात खिशात.
ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, पत्र्यावर, पेन्सिलीनं,
त्या शुक्रवारची तारीख, आणि खाली:
'काही केले नाही. पाय पुसले. द. मु.'

मी तिथंच फरशीवर बसून राहिलो.
पिवळे हॅलोजन आठवले. मामा आठवला.

काल आरगच्या वायरमनला फोन लावला,
'शेतीची लाईट रात्रीची कुठल्या आठवड्यात?
मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कितीवर येतं?'
'एकशे नव्वद धरा,' तो म्हणाला.
'पुढच्या सोमवारपासनं रात्रपाळी.
तुमची मोटार कितीची?'

मी म्हणालो, पंधरा वॅटची.
तो बराच वेळ काही बोलला नाही.