वहिवाट

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, साडेदहाला,
चर्चच्या फाटकाशी आम्ही जमतो. बहुतेकदा सातजण,
कधी पाच. जानेवारीत एकदा मी आणि ग्वेनचा कुत्रा.
हेडली टॅपस्कॉट बुटाची नाडी बांधायला
एक पाय दगडी कठड्यावर ठेवतो
आणि दर वेळी तेच म्हणतो :
वाट कागदावर नसते, तळव्यात असते.
मग खिशातून कागदच काढतो.

नेदरकोमच्या शिवेत बेचाळीस पायवाटा.
हेडलीला त्या पोरांसारख्या पाठ :
सव्वीस नंबर लंगडी, पूल पडल्यापासून.
नऊ नंबरात बैल असतो.
चौदा नंबर आता कुठंच जात नाही.

आज चौदा.

गाव संपलं की पाणंद.
दोन्ही अंगांनी डोक्यापेक्षा उंच माती,
हेझेलची मुळं उघडी पडलेली,
वर आभाळ फितीएवढं, खाली रानलसणाचा ओला वास.
ही कुणी खणली नाही, ग्वेन म्हणते,
ही झिजली आहे.
गुरं, गाड्या, बाजाराला निघालेल्या बाया,
आणि पाऊस, त्याचं नाव कुणी यादीत घालत नाही.

वर येतो तर व्हिनीकोमची बार्ली.
वाटेवरूनच पेरलीय पठ्ठ्यानं,
जणू इथून कुणी गेलंच नव्हतं.
हेडली काठी उचलून पलीकडचा ओक दाखवतो
आणि पिकात शिरतो.
आम्ही एकामागे एक.
दव गुडघ्यापर्यंत चढतं.
मागे मॉड पिकाला हळूच सॉरी म्हणते,
प्रत्येक पावलाला एकदा.
बांधावर ट्रॅक्टर थांबतो. व्हिनीकोम हात वर करतो.
नमस्कार की शिवी, इतक्या लांबून कळत नाही.
हेडली टोपी काढतो, दोन्हींना चालेल अशी.

वर्षातून एकदा तरी पाऊल पडायला हवं, तो सांगतो,
नाहीतर वाट रुसते.
हक्क म्हणजे दुसरं काय? वहिवाट.

टेकडीच्या कुशीत तो सपाट दगड.
वरच्या वाडीला दफनभूमी नव्हती,
मेलेलं माणूस तीन मैल खाली न्यावं लागे.
इथं पेटी टेकवत, खांदे बदलत,
कुणी पाणी पीत असेल, कुणी बर्फाला शिव्या देत.
आता वाडीही नाही. खाजकुयलीचे सात चौकोन
आणि एक नाशपातीचं झाड, अजून फळतं.

हेडली चर्चची जुनी नोंदवही वाचून आलेला असतो.
१७९१, फेब्रुवारी. थर्झा यिओ, वय नऊ दिवस.
बापानं एकट्यानं आणली.
एवढंच लिहिलंय.
आम्ही दगडाकडे बघत राहतो.
नऊ दिवसांच्या ओझ्याला टेकायला दगड लागत नाही.
तरी तो थांबला असेल.
खांदा बदलायचा नव्हता, तरी.

मग हेडली त्याच दगडावर बसतो, डबा उघडतो.
ग्वेन डोळे वटारते.
बसण्यासाठीच ठेवलाय, तो म्हणतो, तोंडात अंडं.

खाली बघितलं तेव्हा कळलं,
बार्लीत एक गडद रेघ उमटली होती, थोडी वाकडी,
जिथं मॉड पिकाची माफी मागत रेंगाळली तिथं जरा रुंद.
आणि त्या रेघेवरून कुणीतरी वर येत होतं.
व्हिनीकोमची धाकटी, शाळेला सुट्टी,
बापाचे रबरी बूट घालून.
तिनं विचारलं, ही वाट कुठं जाते?
कुणाला पटकन उत्तर सुचेना.
मॉडनं तिला अर्धं सँडविच दिलं.

हेडलीनं वहीत लिहिलं : चौदा. खुली. सातजण.
मग सात खोडून आठ केलं.

परतताना नऊ नंबरनं आलो, जवळ पडतं म्हणून.
बैल होता.