हवेचा खर्च

आधी वहीत सापडलं ते.
भाद्रपदात फेरीला दोनशे दहा लिटर,
आश्विनात दोनशे साठ.
डोलीची जागा तीच, खलाशी तेच,
बोंबील उलट दोन टोपल्या कमी.
सासरे म्हणाले, पान्याला वढ हाय.
तांडेल म्हणाला, डिझेलात भेसळ.
मी आकड्यावर बोट ठेवून बसले.

धूर पाहिला होता मी,
मढच्या जेट्टीला 'हरबाकृपा' लागताना:
काळा, जाड, ओल्या घोंगडीसारखा,
दोरीवरच्या माझ्या साडीवर उतरलेला.

इनास मिस्त्री गोराईला, भाचीच्या लग्नात.
फोनवर मागे बँड, त्यावरून तो ओरडतोय,
"आधी तिचं नाक बघ गो, नाक!
मेली नाय ती, घुसमटलीय!"

भरतीला दीड तास.
पदर खोचला, फळी उचलली, उतरले.
खाली ताठ उभं राहता येत नाही.
गुडघ्याला जुनं तेल, मानेला तुळई,
आणि गरम लोखंडाचा तो वास,
जो मी इतकी वर्षं
नवऱ्याच्या शर्टाचा समजत होते.

दोन चाप, एक पंखी नट.
नट अडला तेव्हा
घरात कधी तोंडातून न काढलेली शिवी दिली.
मग निघाला.

डब्यात आमचं अख्खं गाव:
वलांडीखालचा सुकटीचा भुगा,
जवळ्याचे डोळे, मोहरीहून बारीक,
जाळ्याच्या निळ्या धाग्यांचे तुकडे,
कुठल्याशा पतंगाचा एकच पंख,
आणि सगळ्यावर एक राखाडी पीठ
जे आमच्याकडे कुणी दळत नाही.
ते खाडीपलीकडून येतं,
वर्सोव्याला मजल्यावर मजला चढतो तिथून.

मधे कागदाचं नळकांडं,
गोल, निऱ्या घातलेलं.
निऱ्या मला कळतात.
एकेक बोटाने मोकळी केली.
इनासने बजावलं होतं, धुवायचं नाय,
रॉकेल दाखवायचं नाय,
तान्ह्याचा ढेकर काढतात तसं थोपटायचं,
आणि हवा मारायची ती आतून भाईर.
भाईरून मारलीस तर
घाण घरात घेतलीस.

बर्फवाल्याच्या पोराकडून सायकलचा पंप आणला.
दर दाबाला सुकटीचा ढग.
मला सात शिंका.
जेट्टीवरची मांजरं उठून बसली.

शेवटी मोबाईलचा दिवा लावून आत सोडला,
आणि त्या काळोखात
निरीनिरीतून पिवळा उजेड पाझरला.
दिवाळी सहा दिवसांवर,
माझ्या मांडीवर आकाशकंदील.
पोरगा वरून डोकावला,
"काकी, शेपट्या लावा की!"

तेव्हाच दिसलं.
खालच्या कडेला, तिरपं,
मेथीच्या दाण्याएवढं.
बाकी सगळीकडून उजेड गाळून येत होता,
तिथून सरळ.
किती वेळ बघत राहिले कोण जाणे.
सगळ्यात लख्ख होतं ते,
आणि तेच भोक होतं.

मालाडला रिक्षा, दुकानदाराचं जेवण,
परतीला मार्व्याच्या नाक्यावर अडकलेली बस.
भरती गेली.
नवं बसवलं ते रात्रीच्या पाण्याला,
तांडेलाने बॅटरी धरली, बोलला काही नाही.
चावी दिली. एकदा खोकली.
धूर काळा, मग राखाडी,
मग आहे की नाही ते
हात धरून बघावं लागलं.

वहीत लिहिलं:
बर्फ, चौदाशे.
रिक्षा, एकशे ऐंशी.
हवा, अकराशे चाळीस.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
पुन्हा खाली घेतला.
"वाऱ्याचं पैसं? कवापासून गो?"
त्यांच्या बापाच्या होडीला शीड होतं.

मी काही बोलले नाही.
पुढच्या फेरीच्या डिझेलसाठी
खालची ओळ मोकळी ठेवली.