सरकी

सेलूच्या बाजारात गिटारची पेटी मिळत नाही.
धान्याच्या कोठ्या मिळतात, पत्र्याच्या ट्रंका,
बाज विणायचा सुंभ मिळतो.
मी टीव्हीचं रिकामं खोकं उचललं
आणि दस्तगीरचाचांच्या दुकानात गेले.

ते गादी भरत होते.
भिंतीला कमान टेकलेली, तिची तात उतरवलेली.
"काय भरायचंय पोरी, उशी?"
मी गिटार पुढं केली.
त्यांनी आधी लुंगीला हात पुसले,
मग एक तार छेडली, जपून,
झोपलेल्या लेकराचा ताप बघावा तशी.
"एवढी ताणून कुठं नेऊ लागलीस हिला?"

विशाखापट्टण, मी म्हणाले. रेल्वेनं सिकंदराबाद,
तिथं पाच तास बसायचं, मग दुसरी गाडी.
बंदरावर नोकरी लागलीय.
"म्हंजे समुद्र," चाचा म्हणाले,
"म्हंजे ओली हवा. हिला सांगितलंस का?"

खुंट्या त्यांनी स्वतः पिळल्या, उलट्या.
फार नाही. तार लोंबू नये, ओरडूही नये.
"पार सोडली तर मान मागं जाती,
ताठ ठेवली तर पुढं वाकती.
मी रोज रात्री तात उतरवतो.
चाळीस वर्षं झाली, कमान सरळ आहे बघ.
म्हंजे वाकडीच आहे,
पण तिला पाहिजे तेवढीच."

मग कापूस.
आधी मानेखाली, जिथं डोकं मागं कलतं,
मोडणारं तिथंच मोडतं म्हणे.
मग कमरेच्या दोन्ही अंगांना.
तारांखाली माझी जुनी ओढणी.
खोकं बंद करून त्यांनी हलवलं, कान लावला.
उघडलं, पुन्हा भरलं.
असं तीनदा.
"आवाज आला की समजायचं, जागा उरलीय."

पैसे गादीच्या भावानं, अर्ध्या किलोचे.
सुंभ फुकट.
आणि दुकानाच्या पायरीवरून एक हाक:
"पोचल्या पोचल्या उघडू नको!
पाहुण्याला आधी पाणी देतो आपण,
हालहवाल मागून."

मे महिना. फलाटावरचं लोखंडी बाकडं
कुणाला बसू देत नव्हतं.
खोकं मी पाणपोईच्या सावलीत उभं धरलं.
उन्हात डिंक सुटतो, एवढं मला माहीत होतं.

बर्थवर ती झोपली, मी पाय मुडपून उशाशी.
परभणीला चढलेली बाई म्हणाली, खाली ठेवा की ते.
मी म्हणाले, आजारी आहे.
बाईनं खोक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि तिची पिशवी सरकवून घेतली.
पूर्णा गेलं. नांदेड गेलं.
धर्माबादनंतर चहावाल्याची हाक बदलली.

खोली समुद्रापासून दोन गल्ल्या आत.
भिंतींना मिठाचा घाम.
एक अख्खा दिवस मी त्या खोक्यासमोर बसून काढला,
भात खाल्ला, घरी फोन केला,
सुंभाला हात लावला नाही.
दुसऱ्या दिवशी उघडलं. मान सरळ.
ढीगभर कापूस निघाला, त्यावर आता मी झोपते.

एक सरकी मात्र पोटात राहिली.
गिटार उचलली की खडखडते.
उलटी धरून झाली, झटकून झाली,
चिमटा घालून झाला.
परवा शेजारच्या मुलीनं हातवारे करत विचारलं,
आत काही तुटलंय का?

नाही गं, मी मराठीतच बोलून गेले,
थोडी जागा उरलीय.